धुराची उंची, धुळीची जात: लायडरबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात हवेतली धूळ आणि धूर मोजणाऱ्या लायडर यंत्राची ओळख करून दिली होती. तो अंक हाती नसेल तर थोडक्यात सांगतो: लेसरचा अगदी क्षणभराचा झोत हवेत सोडायचा आणि कणांवर आपटून मागे आलेला उजेड कोणत्या क्षणी किती आला ते नोंदायचे, एवढेच हे यंत्र करते. नागपूर आणि आसपासच्या वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतले आठ प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न: भांडेवाडीच्या कचऱ्याला आग लागली की पूर्व नागपुरात धूर पसरतो. तो किती उंच गेला हे लायडरला कसे कळते? हे रडारसारखेच असते का? — विज्ञान शिक्षिका, महाल

उत्तर: पद्धत तीच, लहर वेगळी. रडारच्या लहरी सेंटिमीटरच्या मापाच्या असतात. धुराचा कण बहुधा एक मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून) लहान असतो, त्यामुळे रडारला तो जवळजवळ दिसतच नाही. लेसरच्या हिरव्या उजेडाची लहर सुमारे अर्ध्या मायक्रॉनची, म्हणजे कणाच्याच मापाची. म्हणून तो उजेड धुरावरून चांगला विखुरतो.

हिशोब मुलांना फळ्यावर करून दाखवता येईल. उजेड एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो. इथे जाणे-येणे दोन्ही धरायचे, म्हणून प्रत्येक मायक्रोसेकंदामागे अंतर १५० मीटर. यंत्र जमिनीशी २० अंशांत तिरपे रोखले आणि धुराचा परतीचा उजेड ८ मायक्रोसेकंदांनी आला, तर तिरपे अंतर १२०० मीटर आणि धुराची उंची साधारण ४१० मीटर.

पण धूर म्हणजे भिंत नव्हे. त्याच्यावरून एकच ठळक प्रतिध्वनी येत नाही, पूर्ण वाटेवरून उजेड झिरपत परत येतो. शिवाय अंतराच्या वर्गाने तो घटतो: ३०० मीटरवरच्या धुरापेक्षा ३ किलोमीटरवरचा तसाच धूर शंभर पट मंद दिसतो. म्हणून प्रत्येक नोंदीला अंतराच्या वर्गाने गुणावे लागते, तेव्हा कुठे थर डोळ्यांना दिसतो. त्याआधी पार्श्वभूमीचा उजेड वजा करायचा असतो. नोंदीच्या शेवटच्या टोकाशी, जिथून लेसरचा काहीच उजेड परत येत नाही, तिथली सरासरी काढायची आणि ती सगळ्या नोंदींतून वजा करायची. हा क्रम उलटला तर दूरच्या टोकाला आलेख उसळी घेतो आणि नसलेला ढग दिसू लागतो. नवशिक्यांची सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. यंत्राजवळच्या पहिल्या काही शे मीटरांत लेसरचा झोत परतीचा उजेड गोळा करणाऱ्या दुर्बिणीच्या नजरेत पुरता आलेला नसतो, त्यामुळे तिथली नोंद अर्धवट असते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि धूर खालच्या शे-दोनशे मीटरांतच अडकतो. आपल्या नाकाला झोंबणारा धूर नेमका यंत्राच्या या आंधळ्या पट्ट्यात असतो. सरळ वर रोखलेल्या यंत्राने रात्रभर “हवा स्वच्छ” असे दाखवले तरी फसू नका. तेच यंत्र १५ अंशांवर आडवे केले की ४०० मीटरांचा आंधळा पट्टा उंचीच्या हिशोबात साधारण १०० मीटरांवर येतो.

प्रश्न: आमच्याकडे कापूस निघाल्यावर पऱ्हाट्या जाळतात, उन्हाळ्यात धुरे (शेताचे बांध) पेटवतात आणि दुपारी वावटळीची धूळही असते. यंत्राला धूर कोणता आणि धूळ कोणती हे ओळखता येते का? — शेतकरी वाचक, काटोल

उत्तर: येते, पण त्यासाठी यंत्राला ध्रुवीकरण मोजणारी जोडणी हवी. लेसरचा उजेड एकाच पातळीत डोलत असतो. धुराचा कण बहुधा गोलसर, त्यामुळे परतणारा उजेड त्याच पातळीत येतो. मातीचा कण कोनाकोनांचा, तो ही पातळी बिघडवतो. यंत्रात दोन संवेदक ठेवतात: एक मूळ पातळीचा उजेड घेतो, दुसरा आडव्या पातळीचा. आडव्याला मूळ पातळीच्या उजेडाने भागले की विध्रुवीकरणाचे गुणोत्तर मिळते. ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरवर ताज्या धुराचे गुणोत्तर ०.०२ ते ०.०८ च्या आसपास असते, कोरड्या मातीच्या धुळीचे ०.२५ ते ०.३५. एप्रिलच्या दुपारी ०.१५ आले तर बहुधा दोन्ही मिसळलेले आहे.

आपल्या भागात यात एक मोठा सापळा आहे. दगडी कोळशाची उडती राख खनिजच, पण भट्टीत वितळून थिजल्यामुळे तिचे बरेचसे कण काचेच्या मण्यांसारखे गोल असतात. त्यामुळे राखेचे गुणोत्तर मातीपेक्षा कमी येते आणि तिला धूर समजण्याची चूक होते. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या बाजूने वारा असेल तर या एका आकड्यावर निर्णय देऊ नका. १०६४ नॅनोमीटरचा दुसरा लेसर जोडलेला असेल तर तोही पाहा. बारीक धूर त्या लांब लहरीवर बराच मंद होतो, जाड कण दोन्हींवर जवळजवळ सारखेच उजळतात.

गुणोत्तर चुकते कशामुळे? पहिले कारण, दोन संवेदकांची ताकद सारखी नसते. ती जुळवण्यासाठी ध्रुवक अधिक ४५ आणि उणे ४५ अशा दोन्ही कोनांत फिरवून मोजतात आणि दोन्हींचा भूमितीमध्य (गुणाकाराचे वर्गमूळ) घेतात. एकाच कोनावर भागवले तर बसवणीतली चूक आकड्यात तशीच राहते. दुसरे, यंत्रावर संरक्षणासाठी ॲक्रिलिकचा पत्रा किंवा टफन्ड काच बसवतात. त्यांच्यातला ताण उजेडाची पातळी फिरवतो, म्हणून साधी, ताण नसलेली ऑप्टिकल काचच वापरावी. तिसरे, दाट ढगात उजेड कणाकणांवर अनेकदा आपटतो आणि गोल थेंबांचे गुणोत्तरही आत आत वाढत जाते. तपासणी मात्र सोपी आहे. पावसाने धुतलेल्या स्वच्छ हवेत, वरच्या थरात, नुसत्या रेणूंचे गुणोत्तर ०.००४ ते ०.०१५ च्या दरम्यान यायला हवे. तिथेच ०.०३ दिसले तर दोष यंत्रात आहे.

प्रश्न: वीजकेंद्राच्या चिमणीचा धूर किती दाट आहे हे दिवसा डोळ्यांनी तरी सांगता येते. रात्री लायडरने ओपॅसिटी (अपारदर्शकता, म्हणजे धूर किती टक्के उजेड अडवतो ते) मोजता येते का? किती भरवशाची? — अभियंता, कोराडी रोड

उत्तर: हे लायडरचे अगदी हातखंडा काम आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८१ सालीच चिमणीच्या धुराची अपारदर्शकता लायडरने मोजण्याची पद्धत आपल्या नियमांत घेतली, तीही डोळ्यांनी पाहणाऱ्या निरीक्षकाला पर्याय म्हणून. यात धुरावरून परतणारा उजेड मोजतच नाहीत. धुराच्या अलीकडची साधी हवा आणि पलीकडची साधी हवा यांची तुलना करतात. पलीकडच्या हवेचा उजेड धुरातून दोनदा जातो, एकदा जाताना आणि एकदा येताना, आणि तेवढाच मंद होतो.

समजा यंत्रापासून चिमणी एक किलोमीटरवर आहे. अलीकडची खिडकी (मोजणीचा छोटा पट्टा) ९०० मीटरवर धरली, पलीकडची ११०० मीटरवर. अंतराच्या वर्गाची दुरुस्ती केल्यावर अलीकडे १०० आणि पलीकडे ४९ असे आकडे आले. दोन फेऱ्यांत ०.४९ उरले, म्हणजे एका फेरीत त्याचे वर्गमूळ, ०.७. अपारदर्शकता ३० टक्के. वर्गमूळ विसरलात तर ५१ टक्के लिहाल आणि कारण नसताना कारवाई होईल. अंतराची दुरुस्ती विसरलात तर चिमणीतून काहीच निघत नसतानाही सुमारे १८ टक्के दिसतील. म्हणून दर वेळी मोजणीआधी झोत धुराच्या बाजूला, मोकळ्या हवेत रोखून उत्तर शून्याजवळ येते का ते बघायचे. ही पायरी कधीही गाळू नका.

खिडक्या कुठे धरायच्या यावर निकालाची भिस्त असते. दाट धुराच्या लगेच पलीकडे संवेदक त्या झगझगीत परतीतून सावरलेला नसतो, म्हणून थोडे अंतर सोडा. पलीकडे दुसऱ्या चिमणीचा धूर किंवा हायवेची धूळ आली तर पलीकडची हवा उजळ दिसते आणि अपारदर्शकता खरीपेक्षा कमी निघते. झोत तिरपा असेल तर धुरातली वाट लांबते. १५ अंशांवर फरक साडेतीन टक्क्यांचाच, पण गाडी चिमणीच्या पायथ्याजवळ लावून ४५ अंशांतून मोजलेली ३० टक्के अपारदर्शकता आडव्या वाटेच्या हिशोबात २२ टक्के असते. पांढरी वाफ असेल तर ती विरून गेल्यावरचा भाग निवडा, नाहीतर तुम्ही पाणी मोजाल.

भरवशाचे म्हणाल तर धुराचे दाटपण कळण्यापुरते नक्कीच. पण आपल्याकडची मर्यादा एका घनमीटरमागे मिलिग्रॅममध्ये असते: २००३ पर्यंत बसवलेल्या संचांना १००, २०१६ पर्यंतच्यांना ५०, त्यानंतरच्यांना ३०. टक्क्यांवरून मिलिग्रॅम काढायचे तर त्याच चिमणीत, त्याच कोळशावर नमुना काढून दोन्ही आकडे आधी जुळवून घ्यावे लागतात.

प्रश्न: लायडरचा आकडा सरळ मायक्रोग्रॅममध्ये का देत नाहीत? लोकांना पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) कळते, बाकीचे कळत नाही. — ज्येष्ठ नागरिक, धरमपेठ

उत्तर: कारण लायडर धुळीचे वजन करत नाही, तो उजेड मोजतो. एका किलोमीटरमागे उजेडाचे क्षीणन (वाटेत उजेड किती अडतो त्याचे माप) ०.४ आले असे समजा. तशा हवेत साधारण दहा किलोमीटरपर्यंत दिसते. हे धुराचे बारीक कण असतील तर एक ग्रॅम धूर सुमारे ४ चौरस मीटर उजेड अडवतो, म्हणजे हिशोब १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. तेच रस्त्याच्या जाड मातीमुळे असेल आणि एक ग्रॅम माती ०.८ चौरस मीटरच अडवत असेल तर ५०० मायक्रोग्रॅम. क्षीणन एकच, वजनात पाचपट फरक. २४ तासांची मर्यादा पीएम २.५ साठी ६० आणि पीएम १० साठी १०० मायक्रोग्रॅम असताना एवढी मोठी चूक चालत नाही.

त्याआधी क्षीणनाचा आकडाच एका गृहीतकावर उभा असतो. अडणारा उजेड भागिले परतणारा उजेड हे प्रमाण, ज्याला लायडर गुणोत्तर म्हणतात, ते हिरव्या लेसरवर धुरासाठी ६० ते ८० आणि धुळीसाठी ४० ते ५५ च्या घरात असते. पातळ थरात ५० ऐवजी ७० धरले की क्षीणन ४० टक्क्यांनी फुगते. म्हणून कोणी अहवाल दाखवला तर पहिला प्रश्न हाच विचारा: गुणोत्तर किती धरले आणि का?

यावर उपाय आहे. शहरातल्या एखाद्या हवा-तपासणी केंद्राशेजारून झोत आडवा नेऊन दोन्हींच्या ताशी नोंदी जुळवायच्या, हिवाळ्याच्या वेगळ्या आणि उन्हाळ्याच्या वेगळ्या. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेलेले तास यातून वगळा. कण पाणी शोषून फुगतात, उजेड वाढतो, धूळ मात्र तेवढीच असते. वरच्या स्वच्छ हवेशी यंत्र जुळवताना रेणूंची घनता लागते. ती सोनेगावहून हवामान खाते फुगा सोडते त्याच्या तापमान-दाबावरून काढता येते.

प्रश्न: खाणीत साठ्याचे आकारमान मोजायला लायडर लावतो. डंपर गेला की हवेतच हजारो बिंदू दिसतात. काय करावे? — सर्वेक्षक, उमरेड

उत्तर: ती धूळच आहे. यंत्रात एका झोताचे अनेक परतावे नोंदण्याची सोय असेल तर पहिला सोडून शेवटचा परतावा घ्या. विरळ धुळीतून उजेड आरपार जाऊन ढिगाऱ्यावर पोचलेला असतो. उरलेले बिंदू काढायला तोच भाग दोन-तीन मिनिटांनी पुन्हा स्कॅन करा आणि दोन्ही वेळा त्याच जागी आलेले बिंदूच ठेवा. ढिगारा हलत नाही, धूळ हलते. नुसत्या तेजावरून चाळणी लावू नका, काळा कोळसाही मंदच दिसतो आणि चाळणीत खरा पृष्ठभागच निघून जातो. धूळ इतकी दाट असेल की शेवटचा परतावाही हवेतच येतो, तर पाणी मारून थांबण्याशिवाय मार्ग नाही.

प्रश्न: कॉलेजच्या गच्चीवर सिलोमीटर (ढगांची उंची मोजणारा, सरळ वर रोखलेला छोटा लायडर) बसवायचा विचार आहे. नागपूरच्या उन्हात काय काळजी घ्यावी? — प्राध्यापक, हिंगणा रोड

उत्तर: सर्वांत मोठा धोका उष्णतेपेक्षा सूर्याच्या जागेचा. नागपूर साधारण २१.१५ उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. २६ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या मध्यात सूर्य भर माथ्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. मे महिन्यात दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास सरळ वर रोखलेली दुर्बीण थेट सूर्याकडे बघते. भिंगाने एकवटलेले ऊन संवेदकावर पडले की फिल्टर (फक्त लेसरची लहर आत सोडणारी काच) आणि संवेदक दोन्ही जातात.

म्हणून यंत्र तिरपे बसवा. पण दोन अंश उत्तरेला कलवून भागणार नाही, कारण या दोन तारखांच्या मधल्या काळात सूर्य माथ्याच्या उत्तरेला सव्वादोन अंशांपर्यंत सरकतो आणि २१ जूनच्या आसपास नेमका तुमच्या झोतात येतो. निदान ८ ते १० अंश उत्तरेला कलवा. दहा अंशांनी उंचीत दीड टक्क्याचाच फरक पडतो, तो गणितात दुरुस्त होतो. याचा आणखी एक फायदा: आडव्या पसरलेल्या हिमकणांवरून आरशासारखी येणारी खोटी चमकही टळते.

उष्णतेबद्दल: ९०५ ते ९१० नॅनोमीटरच्या डायोड लेसरची लहर अंशामागे सुमारे ०.३ नॅनोमीटर सरकते. सकाळच्या २० अंशांपासून पेटीतल्या ५० अंशांपर्यंत ९ नॅनोमीटर. अरुंद फिल्टर लावलेला असेल तर दुपारी लेसर फिल्टरच्या बाहेर जातो आणि दुपारचे आकाश खोटेच स्वच्छ दिसते. लेसरचे तापमान यंत्रच सांभाळते ना, हे खरेदीआधी विचारा. याच पट्ट्यात पाण्याची वाफही उजेड शोषते, म्हणून पावसाळ्यात क्षीणन काढताना तिची दुरुस्ती लागते. १०६४ नॅनोमीटरच्या यंत्राला ही अडचण नाही.

यंत्राच्या खोलीला डेझर्ट कूलर मात्र लावू नका. ओलसर हवा थंड काचेवर दव धरते आणि पाण्यातले क्षार भिंगावर बसतात. एसी लावा किंवा सावलीची दुहेरी पेटी करा. वरची काच उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा तरी धुवा: आधी डिस्टिल्ड पाणी ओता, धूळ वाहून जाऊ द्या, मग मऊ कापड फिरवा. कोरडे पुसले की ओरखडे पडतात आणि ते कायमचे राहतात.

विमानतळ शहरालगतच असल्याने झोताच्या परवानगीसाठी तिथल्या हवाई वाहतूक नियंत्रणाशी आधी लेखी बोला. यंत्र डोळ्यांना सुरक्षित वर्गाचे असले तरीही.

प्रश्न: गडचिरोलीच्या जंगलातल्या वणव्यांचा धूर उपग्रहावरच्या लायडरने पाहता येतो का? — विद्यार्थिनी, वर्धा

उत्तर: येतो, आणि जुनी माहिती मोफत मिळते. कॅलिप्सो उपग्रहाने २००६ ते २०२३ या काळात हिरव्या आणि अवरक्त लेसरने हवेचे उभे छेद घेतले. खालच्या आठ किलोमीटरांत हिरव्या लेसरचा उभा तपशील ३० मीटरांचा. मात्र तो एका बारीक रेषेवरून जायचा आणि त्याच रेषेवर १६ दिवसांनी परत यायचा, त्यामुळे वणवा नेमका त्या रेषेखाली असेलच असे नाही. मार्च ते मे महिन्यांतले रात्रीचे छेद आधी पाहा, दिवसाच्या छेदांत उन्हाची कुरकुर फार असते. मे २०२४ मध्ये सोडलेला अर्थकेअर उपग्रह रेणूंचा आणि कणांचा उजेड वेगळा मोजतो, त्यामुळे वर सांगितलेले लायडर गुणोत्तर त्याला गृहीत धरावे लागत नाही.

प्रश्न: आम्हाला प्रोजेक्टसाठी छोटा लायडर बनवायचा आहे. ऑनलाइन मिळणारे अंतरमापक लायडर किंवा हिरवा लेसर पेन चालेल का? — तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी, वानाडोंगरी

उत्तर: अंतरमापक चालणार नाही. तो ठळक परतावा शोधून फक्त अंतर सांगतो, मंद धुराचा उजेड तो फेकून देतो. हिरवा पेन तर आकाशाकडे रोखूच नका. डब्यावर ५ मिलीवॅट लिहिलेले स्वस्त पेन त्याहून जास्त ताकदीचे निघतात, काहींतून न दिसणारे अवरक्त किरणही गळतात, आणि वर विमाने आहेत. खऱ्या लायडरला मिलिज्यूलचे स्पंद, २०० मिलिमीटरच्या आसपासची दुर्बीण, अरुंद फिल्टर, फोटोमल्टिप्लायर (अगदी मंद उजेड टिपणारा संवेदक) आणि सेकंदाला दोन कोटी नमुने घेणारे कार्ड लागते. एवढ्या वेगाने नमुने घेतले की प्रत्येक नमुना साडेसात मीटरांचा होतो. हे मार्गदर्शक आणि लेसर-चष्म्यांशिवाय हाताळायचे काम नाही.

त्याऐवजी लायडरचे अर्धे गणित टेबलावर करा. एक मीटर लांब, चार इंची पीव्हीसी पाइप आतून काळा रंगवा. दोन्ही टोकांना साधी काच. एका टोकाला १ मिलीवॅटचा लाल लेसर, दुसऱ्या टोकाला बीपीडब्ल्यू ३४ हा फोटोडायोड (उजेडाचे विजेत रूपांतर करणारा संवेदक). डायोडला ९ व्होल्टची बॅटरी उलट्या दिशेने जोडा, सोबत १ किलोओहमचा रोध आणि त्याच्यावर मल्टिमीटर. सीताबर्डीत हे सगळे मिळते. स्वच्छ हवेत सुमारे ०.४ व्होल्ट दिसायला हवेत. रोध पंचवीसपट घेतलात तर व्होल्टेज बॅटरीच्या मर्यादेला भिडेल आणि बारीक बदल हरवतील.

लेसर दहा मिनिटे तापू द्या. बटण सेल उतरत जातात, तेव्हा त्याला स्थिर पुरवठा जोडा. मग बाजूच्या भोकातून उदबत्तीचा धूर सोडा. वाचन ४०० वरून २४० मिलिव्होल्टवर आले असे समजा: गुणोत्तर ०.६, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम उणे ०.५१, म्हणून क्षीणन एका मीटरमागे ०.५१. वर धरमपेठेच्या उत्तरात ०.४ होते ते एका किलोमीटरमागे. म्हणजे तुमच्या नळीतला धूर त्या हवेपेक्षा हजार पटींहून दाट आहे.

खरी मजा पुढे आहे. धूर भरून भोक बंद करा आणि दर पाच सेकंदांनी वाचन लिहा. मग नळी स्वच्छ करून खडूची बारीक भुकटी फुंकून तेच करा. वीस मायक्रॉनचा खडूचा कण सेकंदाला सुमारे ३ सेंटिमीटर पडतो, दहा सेंटिमीटर व्यासाच्या आडव्या नळीत तीनेक सेकंदांत तळाला. दहा मायक्रॉनचा कण बारा सेकंद घेतो. उदबत्तीचा ०.३ मायक्रॉनचा कण तासन्‌तास तरंगतो. त्यामुळे खडूचा वक्र चटकन वर येतो आणि धुराचा जवळपास सपाट राहतो. पण उदबत्तीचा तेलकट थर काचेवर बसतो. म्हणून प्रत्येक फेरीनंतर नळीत मोकळी हवा खेळवून पुन्हा स्वच्छ हवेचे वाचन घ्या. ते ४०० वर परत आले नाही तर काच पुसा आणि ती फेरी रद्द धरा.

धूर, खडू आणि दोन्हींचे मिश्रण असे तीन वक्र एकाच आलेख-कागदावर काढून आमच्याकडे पाठवा. सोबत नळीची लांबी आणि खोलीतली आर्द्रता लिहा.